मधल्या वर्तुळात

मिसेस लिंडक्विस्ट यांच्या दाराच्या घंटेकडे माझं बोट गेलं आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं आणखी एक बोट आलं. माझ्या बोटावर लाल लोकरीचा हातमोजा होता. त्या दुसऱ्या बोटावर काहीच नव्हतं. जानेवारीतला शनिवार, पारा शून्याच्या कितीतरी खाली… आणि हा माणूस उघड्या हातांनी दारोदार फिरत होता.

मी वर पाहिलं. भुवयांवर बर्फाचा भुगा, थंडीनं लालबुंद झालेले कान, आणि कोटावर सिनेटर मिरियम केसलर यांचा हिरवा बिल्ला. माझ्या कोटावर गव्हर्नर ऑस्ट्रँडर यांचा निळा बिल्ला होता. त्यानं तो वाचला आणि हसला. त्याच्या पुढच्या एका दाताचा छोटासा टवका उडालेला होता.

“आधी तुम्ही,” तो म्हणाला.

“छे, आधी तुम्ही. तुमच्या बाईंना जास्त गरज आहे.”

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरायला दर खेपेला आमच्या आयोवा राज्यापासून सुरुवात होते. त्या काळी आमच्याकडे मतपेटी नसायची. ठरलेल्या संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत जमायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. याला कॉकस म्हणतात. ज्या कोपऱ्यात शंभरातली पंधरा माणसंही जमत नाहीत तो कोपरा मोडतो, आणि तिथल्या लोकांनी दुसरीकडे जायचं नाहीतर सरळ घरी. म्हणून महिनाभर आधी आम्ही बिल्ले लावून गावातली दारं वाजवत हिंडत होतो.

दार उघडलं. मिसेस लिंडक्विस्ट यांचं वय शहात्तर. चौतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती. आमच्या एल्क प्रेअरी गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक माणसानं त्या बसच्या आरशातून त्यांची एक तरी नजर झेललेली होती.

“उघड्या दारातून साऱ्या गावाला ऊब द्यायला मला परवडत नाही,” त्या म्हणाल्या. “दोघं आत या, नाहीतर दोघं चालू लागा.”

आम्ही आत गेलो. टेबलावर राजम्याची तिखट चिली होती आणि तिच्याबरोबर खायला दालचिनीचे गोड रोल, आत्ताच भट्टीतून काढलेले. त्यांनी दोघांच्या पुढ्यात वाडगे ठेवले आणि मला विचारलं, तुझा माणूस कसा आहे ते सांग. मी पाठ केलेलं सुरू केलं – गव्हर्नर ऑस्ट्रँडर हे मध्यममार्गी नेते आहेत…

“मध्यममार्गी म्हणजे? मी चौतीस वर्षं गाडी चालवली आहे. रस्त्याच्या मधोमध चालणाऱ्याला दोन्हीकडून धडक बसते.”

शेजारून खुदकन आवाज आला. मिसेस लिंडक्विस्ट यांनी मान वळवली. “हसू नका. तुमच्या बाई कशा आहेत?”

“पुरोगामी,” तो घाईनं म्हणाला.

“पुरोगामी म्हणजे पुढे जाणारी. पुढे नाला असला तर?”

मग त्यांनी रोलचं ताट स्वतःकडे ओढून घेतलं आणि नियम सांगितला. मध्यममार्गी, पुरोगामी, समाजवादी, परंपरावादी, उदारमतवादी – यांतला एकही शब्द तोंडातून आला की रोल मिळणार नाही. त्या माणसानं काय केलं आणि काय करणार, तेवढंच बोलायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पहिली दहा मिनिटं आम्ही दोघं नुसते अडखळत होतो. मग मी सांगितलं की ऑस्ट्रँडर यांच्या राज्यात खेड्यांतली अकरा हॉस्पिटलं बंद पडायच्या बेतात होती, तेव्हा त्यांनी ती सरळ सरकारच्या ताब्यात घेतली आणि चालवून दाखवली. तो म्हणाला, सिनेटर केसलर यांनी आपल्याच पक्षाचं एक मोठं विधेयक एकटीनं अडवलं होतं, कारण त्यातला सगळा निधी मोठ्या शहरांत जाणार होता आणि कशाला किती लागणार याचा हिशेबच कुणी मांडला नव्हता.

मी थांबले. “म्हणजे तुमच्या बाई भलत्याच काटकसरी निघाल्या की.”

“आणि तुमच्या साहेबांनी हॉस्पिटलं सरकारजमा केली. आमच्या बाईंनी केलं असतं तर साऱ्या देशानं त्यांना समाज…” त्यानं जीभ चावली आणि ताटाकडे पाहिलं.

मिसेस लिंडक्विस्ट यांनी माझ्या वाडग्याशेजारी एक रोल ठेवला. त्याच्यासमोर काही नाही. मी माझा अर्धा तोडून त्याच्याकडे सरकवला. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

त्याचं नाव सोरेन निगार्ड. शेतांमधून उभ्या असलेल्या पवनचक्क्यांची दुरुस्ती करायचा. चाळीस मैलांवरून दोन महिन्यांपूर्वी आमच्या गावात राहायला आला होता. बाहेर पडल्यावर त्यानं सांगितलं, हातमोजे शेवटच्या चक्कीच्या माथ्यावर विसरले आहेत, आणि तिथं सोमवारपर्यंत कुणी चढणार नाही. सांगताना तो बोटांवर फुंकर घालत होता. बोटं पांढरी पडायला लागली होती. मी गावच्या रुग्णवाहिकेवर काम करते, गारठलेली बोटं मला लगेच कळतात.

“हात दे इकडे,” मी म्हटलं आणि त्याचा उजवा हात माझ्या हातमोज्यात कोंबला… माझा हात आत असतानाच. पुढच्या दारापर्यंत आम्ही तसेच चालत गेलो. मी त्याला ‘तू’ म्हटलं होतं हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

मग रोजचंच झालं. काम संपलं की तो आपला पिकअप रुग्णवाहिकेच्या गॅरेजसमोर लावायचा आणि विचारायचा, आज कुठला रस्ता बिघडवायचा? आम्ही दारं वाटून घेतली होती. डावी माझी, उजवी त्याची. रस्ता संपला की कोपऱ्यावर भेटून कोणी काय शिव्या दिल्या ते एकमेकांना सांगायचं. एका शेतकऱ्यानं सोरेनला ‘समाजवाद्या’ म्हणून अंगणातून हाकललं होतं. सोरेन म्हणाला, त्या अंगणातली वीज सहकारी संस्थेची, त्याचा मका साठतो ते कोठारही सहकारी. पण शब्द ऐकला की त्याचा पारा चढतो. मी म्हटलं, माझ्या बाबांचं उलट आहे. ते स्वतःला कट्टर परंपरावादी म्हणवतात, समोरच्या पक्षाला मत देतात, आणि शेजारी आजारी पडला तर त्याचं पीक न विचारता काढून देतात.

“मग त्यांना काय म्हणायचं?” सोरेननं विचारलं.

“फ्रँक. तेच त्यांचं नाव आहे.”

तो इतका हसला की पिकअपच्या काचेवर वाफ धरली. काच पुसायला आम्ही दोघांनी एकदमच हात पुढे केले आणि एकदमच मागे घेतले. वायपर तेवढा सुरू राहिला.

कॉकसला नऊ दिवस उरले असताना मी सगळं घालवलं. किंवा त्यानं घालवलं. चौकातल्या कॅफेत बसलो होतो आणि त्यानं सहज विचारलं, तू मुळात यात पडलीस कशी? मी ही गोष्ट फारशी कुणाला सांगत नाही. त्याला सांगितली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या हॉस्पिटलातला प्रसूतीचा विभाग बंद झाला. तेव्हापासून बाळंतपणासाठी त्रेपन्न मैल जावं लागतं. वर्षभरापूर्वीच्या डिसेंबरात एका बाईला घेऊन आम्ही निघालो, वाटेत हिमवादळ लागलं आणि बाळ रुग्णवाहिकेतच झालं. बाळ रडलं, गुलाबी झालं, ठीक होतं. आईचं रक्त थांबेना. मी दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून बसले होते आणि गाडी गोगलगायीसारखी सरकत होती. ती वाचली… पण कशी, ते मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर महिनाभर मला हात धुतल्यासारखे वाटत नव्हते.

सोरेन पुढे झुकला. त्याचे डोळे चमकत होते. आणि तो म्हणाला, “म्हणूनच मी म्हणतो, अख्खी व्यवस्था मुळापासून बदलायला हवी. तुम्हा मध्यममार्गी लोकांचं हेच चुकतं, थोडं इकडे, थोडं तिकडे…”

मी कप खाली ठेवला.

“मी तुला एका बाईचं रक्त थांबत नव्हतं ते सांगत होते,” मी म्हटलं. “आणि तू मला खणात घालून खण बंद केलास.”

तो काहीतरी म्हणत उठला, पण मी तोवर दाराशी पोचले होते. पुढच्या आठवड्यात डाव्या बाजूची दारंही मीच वाजवली आणि उजवीकडचीही. एकदा रस्त्याच्या टोकाला त्याचा पिकअप दिसला. मी गल्ली बदलली. घरी येऊन स्वतःचाच राग आला, कारण चुलीपाशी उभी राहून मी तो गेला की अजून तिथंच आहे याचा विचार करत होते.

कॉकसच्या संध्याकाळी साडेसहालाच व्यायामशाळेबाहेर रांग लागली. माझ्या गटाची प्रमुख मीच होते. हातात निळे बिल्ले होते. नाव नोंदवून वळले तर समोर सोरेन. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

“मी रविवारी गेलो होतो,” तो म्हणाला. “तुमच्या हॉस्पिटलापासून त्या दुसऱ्यापर्यंत. बर्फ पडत असताना मुद्दाम निघालो. एक तास बावीस मिनिटं लागली.”

मी हातातले बिल्ले टेबलावर ठेवले.

“अर्ध्या वाटेवर गाडी थांबवून बसलो होतो. मागं कुणीही नव्हतं, तरी भीती वाटली.” त्यानं टोपी हातात चुरगळली. “त्या दिवशी मी ऐकलंच नाही, टेसा. मी फक्त माझी बोलायची पाळी येण्याची वाट बघत होतो.”

“रस्ता कसा होता?” मी विचारलं.

“वाईट.”

तेवढ्यात सभाध्यक्षांनी, म्हणजे आमच्या गावच्या औषधवाल्यांनी, शिट्टी फुंकली आणि आम्ही आपापल्या कोपऱ्यांकडे गेलो.

एक्याण्णव माणसं आली होती. कोपरा टिकायला चौदा लागणार होती. पहिल्या मोजणीत रोलंड टिस्डेल यांच्या कोपऱ्यात सत्तर उभे राहिले. टिस्डेल रोज टीव्हीवर दिसायचे. ते काय करणार ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं, पण तेच जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मिसेस लिंडक्विस्टही तिथंच होत्या. गुडघे दुखतात आणि खुर्च्या त्याच कोपऱ्यात आहेत, असं त्यांनी उघड सांगितलं. माझ्याकडे अकरा. सोरेनकडे दहा.

दोन्ही कोपरे मोडले होते. फेरविचाराला अर्धा तास मिळाला. टिस्डेल यांची माणसं चॉकलेटच्या वड्यांचं ताट घेऊन फिरू लागली – या, आता इकडेच या, उगाच कशाला. माझी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

समोरच्या भिंतीला दहा माणसं होती. अकरा आणि दहा एकवीस, हे शाळकरी पोरालाही कळतं. पण कुणीतरी आपला झेंडा खाली ठेवायला हवा होता. मी स्वतःला खडसावून विचारलं – तू त्या माणसासाठी जाते आहेस का? त्याच्या तांबारलेल्या डोळ्यांसाठी? मग आठवलं, केसलरबाईंची भाषणं गेल्या आठवड्यात रोज रात्री मी रागारागानं वाचून काढली होती, चुका शोधायला. खेड्यांतल्या प्रसूती विभागांबद्दल त्यांनी नेमकं लिहिलं होतं – किती परिचारिका लागतात, किती खाटा, पहिल्या वर्षी काय करायचं. आमच्या ऑस्ट्रँडरसाहेबांनी करून दाखवलं होतं, यांनी पुढचं आखून ठेवलं होतं. बिल्ल्याचा रंग सोडला तर भांडायला काही उरलंच नव्हतं.

मी माझ्या माणसांना हे सांगितलं. मी निघाले आहे, म्हटलं, तुम्ही तुमच्या मनानं ठरवा. आणि बिल्ला काढून खिशात घातला.

बास्केटबॉलचं मैदान एरवी केवढंसं असतं… त्या दिवशी संपेना. खाली बघत चालले होते. मधल्या वर्तुळाची पांढरी रेघ ओलांडली आणि समोर बूट दिसले. ओले, पवनचक्कीवर चढायचे.

“कुठं निघालीस?” सोरेननं विचारलं. त्याच्या कोटावर बिल्ला नव्हता.

“तुझ्या कोपऱ्यात. तू?”

“तुझ्या.”

सगळी व्यायामशाळा आमच्याकडे बघत होती. आणि मग कुठंतरी पहिलं हसू फुटलं, मागोमाग कोपरेच्या कोपरे हसू लागले. माझे कान तापले.

“परत जा,” मी दबक्या आवाजात म्हटलं. “माझ्यासाठी येत असशील तर तसाच मागं फिर. मला असं मत नको.”

“तुझ्यासाठी नाही,” तो म्हणाला. “त्या एक तास बावीस मिनिटांसाठी. तुझ्या साहेबांनी अकरा हॉस्पिटलं चालवून दाखवली आहेत. आमच्या बाईंनी फक्त लिहिलं आहे.”

“पण लिहिलंय फार छान.”

“तू वाचलंस?”

“सगळं.”

इतक्यात टिस्डेल यांच्या कोपऱ्यातून एक आवाज आला. चौतीस वर्षं ज्यानं बसची शेवटची रांगही गप्प केली होती, तो आवाज.

“दोघांनी जागा सोडायची नाही.”

मिसेस लिंडक्विस्ट खुर्चीवरून उठल्या. एका हातानं गुडघा धरून, सावकाश, साऱ्या गावाला थांबायला लावत त्या मैदानाच्या मध्यावर आल्या. त्यांनी सभाध्यक्षांना विचारलं, कुणाच्याच बाजूनं उभं न राहण्याची सोय आहे का? औषधवाल्यांनी चष्मा लावून नियमांची पुस्तिका चाळली. आहे, म्हणाले. चौदा माणसं जमली तर ‘कुणाचेच नाही’ असा गट होतो, त्याचेही प्रतिनिधी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अधिवेशनाला जातात आणि तिथं ठराव मांडता येतो.

“झालं तर मग,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “टेसा, काय घडलं ते सांग. ते सगळे शब्द वगळून.”

मी सांगितलं. त्या बाईचं नाव घेतलं नाही. त्रेपन्न मैल सांगितले, बर्फ सांगितला, माझे हात कुठं होते ते सांगितलं. “आपला विभाग उघडा असता,” मी म्हटलं, “तर हा रस्ता चार मिनिटांचा होता. इथं जे जन्मले त्यांनी हात वर करा.” हात वर झाले, साठेक तरी असतील. “तुमच्या नातवंडांना तसं सांगता येणार नाही. जो कुणी उमेदवार होईल, त्यानं आधी यावर उत्तर द्यावं, एवढंच मला म्हणायचंय.”

आधी माझी माणसं आली. मग सोरेनची. मग मिसेस लिंडक्विस्ट यांनी टिस्डेल यांच्या कोपऱ्याकडे नुसतं पाहिलं, आरशात बघायच्या तसं, आणि एक जोडपं उठलं. त्यांच्यामागून लोहार उठला, मग शाळेतल्या स्वयंपाकीणबाई, मग ज्यानं सोरेनला अंगणातून हाकललं होतं तो शेतकरी. तो वर्तुळाच्या काठावर येऊन थबकला, सोरेनकडे न बघता म्हणाला, माझी सून मार्चमध्ये बाळंत होणार आहे, आणि आत आला. वर्तुळ भरलं, रेघेबाहेर माणसं उभी राहू लागली. मोजणी झाली. आम्ही पस्तीस होतो.

टिस्डेल यांच्या गटप्रमुखानं कुरकुरत विचारलं, मग आता तुम्हा लोकांना म्हणायचं तरी काय?

“पस्तीस म्हणा,” मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या.

सहा प्रतिनिधींपैकी दोन आमचे झाले, त्या आणि मी. प्रसूती विभाग पुन्हा सुरू करण्याचा ठराव मी तिथंच वाचला, आणि त्याला एक्याण्णवच्या एक्याण्णव हात वर झाले, टिस्डेलवाल्यांचे सुद्धा. वर्तमानपत्रांनी आमच्या गावाबद्दल एक ओळही छापली नाही. पुढे तीन आठवड्यांत ऑस्ट्रँडर आणि केसलर दोघांनीही माघार घेतली. पण तो ठराव काउंटीत गेला, तिथून राज्यात गेला, मिसेस लिंडक्विस्ट त्याच्यामागे बस चालवल्यासारख्या एकेक थांबा घेत फिरल्या, आणि चौदा महिन्यांनी आमच्या हॉस्पिटलात दोन खाटा परत आल्या. फीत त्यांनीच कापली. भाषण करा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, बाळ झोपलंय.

पण मला त्या संध्याकाळचंच सांगायचं आहे. सभा संपली, लोक पाठीवर थापा मारून, मिठ्या मारून पांगले. आम्ही दोघं घडीच्या खुर्च्या मिटून भिंतीशी लावत होतो. त्यानं एक मिटायची, मी एक मिटायची. खट्… खट्…

“एक विचारू?” तो म्हणाला. “मघाशी तू माझ्या कोपऱ्यात यायला निघालीस, ते फक्त केसलरबाईंचं पटलं म्हणून?”

“मतासाठी तेवढं पुरे असतं. तुला माझं पटलं होतं ना?”

“पटलं तर होतंच.” त्यानं खुर्ची मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. “पण आवडत तर तू आधीपासूनच होतीस. त्या अर्ध्या रोलापासून.”

मी हातातली खुर्ची भिंतीशी लावली. बाहेर गाड्या सुरू होत होत्या, काचांवरचा बर्फ खरवडल्याचे आवाज येत होते.

सभाध्यक्षांच्या टेबलावर नोंदणीची यादी अजून तशीच पडली होती, नाव आणि पुढे गट. सोरेन तिकडे गेला. त्यानं आपल्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता वाचलं. “निगार्ड, सोरेन. कुणाचाच नाही.” घसा खाकरला. “हे एवढं… मला दुरुस्त करायचंय.”

“काय लिहायचं मग?”

त्याचे कान पहिल्या दिवसापेक्षाही लाल झाले होते. आणि आत तर बर्फ नव्हता.

“टेसाचा.”

यादी काउंटीकडे जायची होती, तिच्यावर असलं काही लिहायला परवानगी नव्हती. मी जवळ गेले, त्याचा हात यादीवरून उचलला आणि तळवा वर केला. आज तो गरम होता. माझ्या नोंदणीच्या पेनानं मी त्यावर माझं नाव लिहिलं, सगळं, हावलिक या आडनावासकट, आणि पेन त्याच्या दुसऱ्या हातात दिलं.

“आता माझ्या,” मी म्हटलं, आणि हातमोजा काढला.